आमदाराला निवेदन देताय? फोटो काढून परत येऊ नका

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात निवेदन द्यायचं म्हणजे दहा-पंधरा जण जायचं, कागद हातात द्यायचा, फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि झालं. त्यानं दवाखान्यात डॉक्टर येत नाही आणि छोटी कर्जं देणाऱ्या फायनान्सवाल्यांचा जाचही थांबत नाही. तुमचा प्रश्न आमदाराच्या तोंडून विधानसभेत आला पाहिजे, तोपर्यंत काम अर्धवट आहे असंच धरून चला.

मागणी एकच ठेवा. "आरोग्य सेवा सुधारा" असं लिहिलं की साहेब हो हो म्हणतात आणि विषय तिथंच संपतो, पण "आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एमबीबीएस डॉक्टरची जागा रिकामी आहे, ती कधी भरणार" म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. त्याआधी माहिती अधिकारात मंजूर पदं किती, भरलेली किती ते विचारून घ्या, 10 रुपये फी, उत्तराला 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो हे लक्षात ठेवा. सरकारचंच माप आहे की सपाट भागात 30,000 लोकांमागे एक पीएचसी आणि डोंगराळ भागात 20,000 मागे एक, ते खानापूरच्या जंगलातल्या गावांना लावून बघा आणि आकडा निवेदनात पहिल्या ओळीत टाका.

निवेदन मराठीत द्यायचा हक्क आहे, घटनेचं कलम 350 दाखवा. तरी कन्नड प्रत जोडाच, फाइल पुढं सरकवणारा क्लार्क तीच वाचतो, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आणली, कर्नाटकानं विरोध केला. तो वाद मिटेपर्यंत पेशंट थांबत नाही, म्हणून इथल्या दवाखान्याचा जाब इथल्याच आमदाराला विचारायचा.

आता कर्जाचं. "फायनान्सवाले सकाळपासून दारात बसूलालेत" असं बायका सांगतात, पण ते कुणाला सांगायचं हेच माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमात मायक्रोफायनान्सवाल्यांनी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी गाठायचं नाही, आणि ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा हप्त्याला कोणी आलं नाही तरच घरी जायचं. हे मोडलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हे नियम दिल्ली-मुंबईचे, म्हणून त्यासाठी खासदाराला धरा, आणि खानापूर, कित्तूरकरांनो, तुमचा खासदार उत्तर कन्नड मतदारसंघाचा, बेळगावच्या खासदाराकडे चकरा मारू नका. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध राज्यानं 2025 च्या फेब्रुवारीत वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला, 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड, तो आपल्या तालुक्यात वापरला जातो का, किती गुन्हे नोंदवले, हे मात्र आमदारानंच विचारायचं.

बोलायला कर्ज घेतलेल्या बायकांनाच पुढं करा, त्यांच्या वतीनं पुढाऱ्यांनी भाषण ठोकायची गरज नाही. त्यांच्या कर्जाच्या कार्डाचे फोटो ग्रुपवर टाकू नका, गावात तेच चघळलं जातं आणि पुढच्या वेळी ती बाई येत नाही. आणि कन्नड शेजारणीलाही सोबत घ्या, हप्ता तिलाही तेवढाच टोचतो, सीमाप्रश्न या बैठकीत नको.

वेळ महत्त्वाची. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात भरतं, प्रश्नाची नोटीस बरीच आधी द्यावी लागते, म्हणून दिवाळीच्या सुमारासच आमदाराच्या घरी जा आणि टाइप केलेला प्रश्नच हातात द्या, त्याचं काम सोपं होतं. जिल्ह्यात 18 आमदार आहेत, एकानं टाळलं तर विरोधी पक्षाच्या दुसऱ्याला आणि विधान परिषदेच्या सदस्यालाही तोच कागद द्या. तालुक्याच्या केडीपी मीटिंगची (सरकारी कामांच्या आढावा बैठकीची) तारीख पंचायतीतून काढा, तिथं आमदार आणि आरोग्य अधिकारी एकाच टेबलावर असतात, त्याआधी ग्रामसभेचा ठराव हातात असला तर वजन वाढतं.

सभागृहात उत्तर आलं की त्याची प्रत मागून घ्या, त्यात दिलेली तारीख कॅलेंडरवर लाल पेननं गोल करा, आणि तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी तीच प्रत घेऊन परत आमदाराच्या दारात जा.