जड बुलेटचा हँडलोड: वजनाआधी लांबी बघा

एकाच कॅलिबरमध्ये (नळीच्या व्यासाच्या मापात) बुलेट जड होते म्हणजे ती लांब होते, कारण व्यास वाढवायला वावच नसतो. जड बुलेटच्या हँडलोडमध्ये, म्हणजे हाताने भरलेल्या काडतुसात, जे बिघडतं ते बहुतेक या लांबीपायीच: नळीतला पीळ कमी पडतो, केसमधली (काडतुसाच्या पितळी कवचातली) पावडरची जागा घटते किंवा राउंड, म्हणजे भरलेलं काडतूस, मॅगझिनमध्ये मावत नाही. त्यामुळे पावडरचा डबा उघडण्याआधी रायफल मोजायला घ्या.

सुरुवात ट्विस्टपासून, म्हणजे नळीतल्या आट्यांना (खाचांना) किती पीळ आहे तिथपासून. १:८ म्हणजे ८ इंचांत बुलेटचा एक पूर्ण फेरा. .२२३ रेमिंग्टनमध्ये १:१२ च्या नळीला ५५ ग्रेनपर्यंतच्या (ग्रेन हे वजनाचं एकक) बुलेट मानवतात, १:९ साधारण ६९ ग्रेनपर्यंत जाते, ७७ ग्रेनला १:८ हवी. नळीवर ट्विस्ट कोरलेला नसेल तर हँडल मोकळं फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडवर घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून तो नळीत ढकला, रॉडवर खूण करा आणि ती खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत रॉड किती सरकला ते मोजा. पॅच घसरला तर माप फसवं येतं, म्हणून तीनदा मोजा. निखळ तांब्याची बुलेट त्याच वजनाच्या शिसं भरलेल्या बुलेटपेक्षा लांब असते, तेव्हा तिथे नुसते ग्रेन बघून चालत नाही. कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट छिद्र पडलं तर बुलेट आडवी होत चालली आहे. हा दोष पावडर बदलून सुटत नाही. बुलेटच बदलावी लागते. थंड, दाट हवेत स्थिरता आणखी घटते, हेही हिशेबात धरा.

तुम्ही १०० मीटरच्या पुढे जाणारच नसाल तर जड बुलेटचा आग्रह कशाला? तिचा खरा फायदा लांब पल्ल्यावर, वाऱ्यात दिसतो.

आता पावडर. हलक्या बुलेटचा चार्ज (पावडरचं वजन) जड बुलेटखाली कधीही वापरू नका. वजन जास्त म्हणून बुलेट उशिरा हलते, त्यात ती केसमध्ये खोल शिरून जागा खाते. दोन्ही कारणांनी दाब वाढतो. जड बुलेटला बहुधा सावकाश जळणारी पावडर लागते. नेमकी कोणती आणि किती, हे पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्यांच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्या. दोन मॅन्युअल ताडून बघा आणि आकडे जुळत नसतील तर कमी आकडा धरा. मॅन्युअलमध्ये केस आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) कोणता वापरला तेही पाहा. काही लष्करी केसची भिंत जाड असते, आतली जागा कमी, त्यामुळे तोच चार्ज तिथे जास्त दाब देतो.

सुरुवात मॅन्युअलच्या किमान आकड्यावरून. तो दिलेला नसेल तर कमालच्या १० टक्के खाली: फक्त हिशेबापुरतं, कमाल ४० ग्रेन असेल तर ३६. पुढची पायरी साधारण एक टक्क्याची, म्हणजे इथे ०.४ ग्रेनची. किमानच्याही खाली जाणं सुरक्षित नाही. सावकाश पावडर फार कमी भरली तर ती विचित्र जळू शकते.

केस सगळ्या एकाच लॉटच्या (एकत्र बनलेल्या) घ्या. बोल्ट रायफलसाठी केसचा खांदा (मानेखालचा उतार) ०.००२ इंच मागे सरकेल एवढंच साइझिंग (वापरलेली केस डायमध्ये दाबून मापात आणणं) पुरे, सेमी-ऑटोला ०.००३ ते ०.००४ इंच लागतं. .२२३ च्या केसची कमाल लांबी १.७६० इंच, ती कापून (ट्रिम करून) १.७५० ला आणतात. लांबलेल्या केसचं तोंड चेंबरच्या (नळीत केस बसते त्या जागेच्या) टोकाला चिमटलं की दाब एकदम चढतो. प्रायमर केसच्या बुडाच्या किंचित खाली बसला पाहिजे. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवा, डोळ्यांवर चष्मा हवा. तराजू चेक-वेटने (नेमकं माहीत असलेल्या वजनाने) तपासा. पंखा चालू असेल तर बंद करा; इलेक्ट्रॉनिक तराजू वाऱ्याच्या झुळकीनेही भरकटतो.

राउंडची लांबी बुलेटच्या टोकावरून मोजू नका. टोकं कमीजास्त असतात. कॅलिपरला कम्पॅरेटर (त्यासाठीचा जोड) लावून ओजाइव्हवरून, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या वळणावरून मोजा. बुलेट आट्यांना कुठे टेकते ते शोधून तिथून ०.०२० इंच मागे सुरुवात करा. एआर पद्धतीच्या सेमी-ऑटो रायफलच्या मॅगझिनला मात्र राउंडच्या लांबीची २.२६ इंचांची मर्यादा असते. तिथे बुलेट मॅगझिन ठरवेल तिथेच बसते, आणि ८० ग्रेनची लांब बुलेट बहुधा एकेक राउंड हाताने भरूनच झाडावी लागते.

रेंजवर सगळ्यात कमी चार्जपासून वर चढा, क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावून. बोल्ट उचलायला जड जाणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा, सपाट झालेला प्रायमर, यांतलं काही दिसलं की थांबा आणि उरलेले राउंड पुलरने (बुलेट ओढून काढणाऱ्या साधनाने) सोडवा. प्रायमर एकटा पुरावा म्हणून कच्चा असतो. वेग जास्त खरं बोलतो. कमी चार्जवरच मॅन्युअलचा कमाल वेग मिळू लागला तर दाबही तिथेच पोचलाय असं समजा. आवाज फुसका आला तर पुढचा राउंड अजिबात भरू नका. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून नळी आरपार दिसते का बघा. बुलेट आत अडकलेली असू शकते.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर (कागदावरच्या छिद्रांच्या पुंजक्यावर) भरवसा ठेवणारे बरेच असतात, आणि तिथेच फसतात. तीन गोळ्या योगायोगानेही एकाच छिद्रात जातात. पाच-पाचचे निदान दोन ग्रुप घ्या आणि पसंत पडलेला लोड शेवटी दहा गोळ्यांनी तपासा. मधे नळी थंड होऊ द्या. क्रोनोग्राफवरचा पाच गोळ्यांचा एसडीसुद्धा (वेग किती कमीजास्त होतो त्याचं माप) असाच डळमळीत असतो. ग्रुप २०० ते ३०० मीटरवर उभा पसरत असेल तर वेगातला फरक बघा. आडवा पसरत असेल तर आधी वारा आणि ट्रिगर.

चार्ज ठरल्यावरच सीटिंगला (बुलेट किती खोल बसवायची त्याला) हात घाला: आट्यांपासून ०.०२०, ०.०४०, ०.०६० इंच मागे अशा उड्या घेत. सीकंट ओजाइव्हच्या (वळण कोन करून सुरू होतं अशा) बुलेट या मापाला नखरेल, टँजंटवाल्या (वळण सलग असलेल्या) सोशिक. बुलेट आट्यांना टेकवून पाहायची असेल तर दाब वाढतो, म्हणून चार्ज आधी खाली आणून पुन्हा चढवत न्या. खोल बसवतानाही जागा घटतेच, तिथेही दाबाच्या खुणांवर लक्ष हवं.

थंडीत कमालच्या जवळ ठरवलेला लोड उन्हाळ्यात मर्यादा ओलांडू शकतो, कारण बहुतेक पावडरी उष्णतेत जास्त दाब देतात. राउंड उन्हात किंवा तापलेल्या चेंबरमध्ये पडू देऊ नका. डब्यावर बुलेट, पावडरचा लॉट, चार्ज, प्रायमर, ओजाइव्हपर्यंतची लांबी आणि तापमान लिहून ठेवा. पावडरचा लॉट बदलला की चार्ज पुन्हा खाली आणून पायरीपायरीने वर न्या.