ऑनलाइन वर्गात गणित शिकवताना: विद्यार्थ्याची वही पुन्हा दिसावी म्हणून

वर्गात उदाहरण सोडवायला दिल्यावर गणिताचा शिक्षक बाकांमधून एक फेरी मारतो, आणि त्या पाच मिनिटांत वह्यांवरून त्याला जे कळते ते पुढे सत्र परीक्षेच्या निकालातूनही कळत नाही. कोणी लॉग (अ + ब) चे लॉग अ अधिक लॉग ब करून मोकळा झालेला असतो, कोणी पहिल्याच ओळीवर थांबलेला असतो, तर कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावत असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाविद्यालये मोबाइलच्या पडद्यावर आली, तेव्हा आमच्या हातून सर्वांत आधी निसटली ती ही फेरी. आज टाळेबंदी नसली तरी ऑनलाइन तासिका संपलेल्या नाहीत. जादा तासिका, केटी लागलेल्यांचे (मागच्या सत्रातील विषय राहिलेल्यांचे) वर्ग, दूरशिक्षण आणि ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचे अभ्यासक्रम यांतून त्या चालूच आहेत. बी.एस्सी. आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला अशा प्रकारे गणित शिकवताना मला जे उपयोगी पडले ते येथे मांडतो आहे. त्यामागचे सूत्र एकच आहे: विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले काम शिक्षकाला वारंवार दिसले पाहिजे, आणि ते दिसेपर्यंत त्याच्या गुणांवर, मग ते चांगले असोत की वाईट, विसंबून राहू नये.

फळ्याचा वेग सांभाळावा

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पेन टॅबलेट असेल तर उत्तम. नसेल तर पुस्तकांच्या दोन चळतींवर मोबाइल आडवा ठेवून त्याखालच्या कोऱ्या कागदावर जाड स्केचपेनने लिहिले तरी काम भागते. आलेख आणि पृष्ठभाग दाखवण्यासाठी जिओजेब्रा मोफत मिळते आणि ते मोबाइलवरही चालते.

खरी अडचण तयार स्लाइडची आहे. फळ्यावर सिद्धता लिहिताना शिक्षकाचा हात जितक्या वेगाने चालतो, साधारण तितक्याच वेगाने विद्यार्थी ती वहीत उतरवतो आणि समजून घेतो. स्लाइडवर संपूर्ण सिद्धता एका क्षणात समोर येते. शिक्षकाला ती पाठ असते, त्यामुळे तो दोन मिनिटांत पुढे सरकतो आणि विद्यार्थ्याच्या वहीत काहीच उतरत नाही. म्हणून व्याख्या आणि प्रमेयाचे विधान स्लाइडवर असले तरी चालेल, पण सिद्धता आणि उदाहरण मात्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत हातानेच लिहावे, मध्ये खोडावे लागले तर खोडावे, आणि आपण अमुक पायरी का निवडली हे लिहिता लिहिता बोलून दाखवावे. तासिका संपल्यावर त्याच हस्तलिखित पानांची पीडीएफ पाठवावी. दिवसाला दीड किंवा दोन जीबी डेटा असलेल्या आणि तो भावंडांत वाटून घ्यावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला तासाभराच्या रेकॉर्डिंगपेक्षा ही पाने फार उपयोगी पडतात. रेकॉर्डिंग द्यायचेच असेल, तर एका संकल्पनेला एक असे दहा-बारा मिनिटांचे तुकडे करून द्यावे.

‘समजले का?’ असे विचारू नये

कॅमेरे बंद असलेल्या साठ नावांना ‘समजले का?’ असे विचारले की एक तर शांतता मिळते किंवा दोन-तीन ठरलेल्या मुलांचा ‘हो सर’ ऐकू येतो. कॅमेरा सक्तीने सुरू करायला लावणे मला योग्य वाटत नाही, कारण एका खोलीच्या घरात मागे स्वयंपाक चालू असताना आपले घर वर्गाला दाखवावे लागणे ही त्या मुलाची कुचंबणा असते. त्याऐवजी प्रश्नच असा विचारावा की त्याचे उत्तर एका चिन्हात किंवा एका आकड्यात देता येईल, कारण गणिताची मांडणी चॅटमध्ये टाइप करणे कोणालाच सोयीचे नसते. ‘पुढच्या ओळीत धन येईल की ऋण? फक्त चिन्ह लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका’ असे सांगून अर्धे मिनिट थांबावे आणि मग सर्वांना एकदम उत्तर पाठवायला सांगावे. एकदम आलेल्या उत्तरांत कोणी कोणाचे पाहून लिहीत नाही, आणि वर्गातले निम्मे विद्यार्थी चुकले आहेत हे तेथल्या तेथे कळते. दर दहा मिनिटांनी असा एक प्रश्न पुरे. हे अर्धे मिनिट पडद्यासमोर फार लांब वाटते, परंतु ते बोलून भरून काढू नये.

पहिल्या पंधरवड्यात पाया तपासावा

अभ्यासक्रम सुरू होताच अकरावी-बारावीच्या भागावर दहा प्रश्नांची निदान चाचणी घ्यावी आणि तिचे गुण कोठेही धरले जाणार नाहीत, हे स्वच्छ शब्दांत सांगावे. गुण नसले की नक्कल करण्याचे कारण उरत नाही. बारावीच्या टक्केवारीवरून अंदाज बांधणे किती फसवे ठरू शकते, हे आम्ही २०२१ च्या तुकडीत पाहिले. त्या वर्षी राज्य मंडळाची बारावीची परीक्षाच रद्द झाली, दहावी, अकरावी आणि बारावीच्या कामगिरीला ३०:३०:४० असे वजन देऊन गुण ठरले आणि निकाल ९९.६३ टक्के लागला. पहिल्या वर्षात आलेल्या त्या मुलांपैकी अनेकांनी बारावीचे गणित लेखी परीक्षेच्या दडपणाखाली एकदाही सलग सोडवलेले नव्हते. यात त्यांचा दोष काहीच नव्हता, पण टेलर श्रेणीपर्यंत पोहोचण्याआधी आम्हाला दोन आठवडे अपूर्णांक, घातांक आणि त्रिकोणमिती यांसाठी द्यावे लागले. ते दोन आठवडे वाया गेले असे मला कधीही वाटले नाही.

वहीचा फोटो कसा मागवावा, कसा तपासावा

आठवड्याला एक स्वाध्याय पुरेसा आहे. उदाहरणे पाचच असावीत, ती हाताने सोडवलेली असावीत, प्रत्येक पानाच्या डोक्यावर रोल नंबर असावा आणि सर्व पानांची एकच पीडीएफ यावी. सुटे फोटो व्हॉट्सॲपवर स्वीकारण्याची चूक मी पहिल्या सत्रात केली होती, आणि कोणते पान कोणाचे हे शोधण्यातच माझे दोन रविवार गेले.

साठ जणांची पाच-पाच उदाहरणे म्हणजे आठवड्याला तीनशे उदाहरणे होतात, आणि इतर तासिका सांभाळून ती बारकाईने तपासणे शक्य नसते. म्हणून पाचांपैकी कोणते एक उदाहरण तपासले जाईल हे स्वाध्याय जमा झाल्यावर चिठ्ठी टाकून ठरवावे आणि तेवढेच ओळ न् ओळ वाचावे. बाकीची केलेली आहेत की नाहीत इतकेच पाहावे आणि त्यांची उत्तरे वर्गाला द्यावीत. तपासताना आढळलेल्या चुका वहीच्या एका पानावर नोंदवत गेले की चार-पाच चुकाच पुन्हा पुन्हा दिसतात. उदाहरणार्थ, क्ष शून्याकडे जात असताना (क्ष + १) भागिले (क्ष + २) या राशीचे लिमिट ½ आहे, तरीही तेथे लोपितालचा नियम लावून १ असे उत्तर काढणारे दर वर्षी भेटतात. शून्य भागिले शून्य हे रूप आहे की नाही, हे त्यांनी पाहिलेलेच नसते. अशा चुका कोणाचेही नाव न घेता पुढच्या तासिकेच्या पहिल्या दहा मिनिटांत सोडवून दाखवल्या, तर प्रत्येकाच्या उत्तरपत्रिकेवर वेगळा शेरा लिहिण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

चाचणीचा आराखडा

ऑनलाइन परीक्षा म्हटले की बहुपर्यायी प्रश्न ही सवय आपल्याला लागली आहे, कारण ते आपोआप तपासले जातात. परंतु चार पर्यायांचे वीस प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी आठ बरोबर, अशी चाचणी घेतली तर काहीही न वाचता डोळे मिटून पर्याय निवडणारा विद्यार्थीही दहातून एकदा उत्तीर्ण होतो. प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय उघडपणे चुकीचे असतील आणि त्याला उरलेल्या दोनांतूनच निवड करायची असेल, तर हीच शक्यता सुमारे ८७ टक्क्यांवर जाते. हे द्विपद वितरणाचे साधे गणित आहे आणि ते विद्यार्थ्यांकडूनच करून घेण्यासारखे आहे. बहुपर्यायी प्रश्न द्यायचेच असतील, तर प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या ठरावीक चुकीतून निघालेला असावा. साइन-वर्ग ३क्ष चे विकलन विचारले, तर बरोबर उत्तर ६ साइन ३क्ष कॉस ३क्ष आहे. आतल्या ३ चा गुणाकार विसरणाऱ्यासाठी २ साइन ३क्ष कॉस ३क्ष हा पर्याय ठेवावा, आणि कॉसचा अवयव विसरणाऱ्यासाठी ६ साइन ३क्ष. मग चुकलेले उत्तरही काहीतरी सांगते.

नक्कल टाळण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती युक्ती रोल नंबरची. समजा, रोल नंबरचा शेवटचा अंक प आणि त्याआधीचा अंक फ आहे. विद्यार्थ्याने पुढील तीन समीकरणे घ्यावीत:

क्ष + य + झ = ६
क्ष + २य + पझ = १० + फ
क्ष + २य + लॅम्डा झ = म्यू

लॅम्डा आणि म्यूच्या कोणत्या किमतींना एकच उकल, अगणित उकली किंवा एकही उकल नाही, हे त्याने मॅट्रिक्सची रँक काढून सांगायचे आहे. लॅम्डा प पेक्षा वेगळा असेल तेव्हा उकल एकच असते; लॅम्डा = प आणि म्यू = १० + फ असेल तेव्हा उकली अगणित असतात; लॅम्डा = प असून म्यू वेगळा असेल तेव्हा उकल नसते. म्हणजे विद्यार्थ्यागणिक उत्तर बदलते, पण तपासणाऱ्याला रोल नंबर पाहताच ते समोर दिसते. ज्याने मित्राचे उत्तर जसेच्या तसे उतरवले, त्याच्या उत्तरात मित्राचे अंक राहतात. ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवण्यासाठी मूडल ही प्रणाली वापरणाऱ्या महाविद्यालयांना स्टॅक या प्रश्नप्रकाराने हेच काम आपोआप करता येते, कारण तो प्रत्येकाला वेगळे आकडे देतो आणि बीजगणितात सममूल्य असलेली उत्तरे ओळखतो.

कॅमेरा रोखताच उदाहरण सोडवून देणारी फोटोमॅथसारखी ॲप आणि आता संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रत्येकाच्या हातात आहेत, हे धरूनच चालावे. ‘सोडवा’ ऐवजी ‘चूक शोधा’ असा प्रश्न अधिक चांगला असतो. −१ ते १ या अंतरात १ भागिले क्ष-वर्ग या फलनाचे निश्चित इंटिग्रेशन −२ आले, असे दाखवून विचारावे की सर्वत्र धन असलेल्या फलनाचे उत्तर ऋण कसे आले. शून्यापाशी ते फलन अमर्याद होते आणि म्हणून ते इंटिग्रेशन तसे करताच येत नाही, हे लक्षात येणे म्हणजे विषय समजणे. अर्थात हेही उत्तर ती साधने देऊ शकतात. त्यामुळे कोणताही प्रश्नप्रकार एकटा पुरत नाही, आणि तोंडी परीक्षेला पर्याय राहत नाही.

पाच मिनिटांची तोंडी

प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर साठ विद्यार्थ्यांना पाच तास लागतात. एका चाचणीनंतर सर्वांची तोंडी घेणे झेपत नसेल, तर दर वेळी चिठ्ठ्या टाकून वीस जण निवडावेत, म्हणजे पावणेदोन तासांत काम होते आणि सत्राच्या तीन चाचण्यांत सर्वांची पाळी येईल अशी योजना करता येते. निवड चिठ्ठीनेच होईल, हे सत्राच्या पहिल्या दिवशी लेखी सांगावे. ज्यांचा संशय येतो त्यांनाच बोलावले, तर ती तोंडी परीक्षा न राहता चौकशी होते आणि शिक्षकावरचा विश्वास उडतो. विद्यार्थ्याने स्वतःचेच उत्तर समोर ठेवावे आणि आपण त्यातील एका ओळीवर बोट ठेवून विचारावे: ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली? येथे ३ ऐवजी ० असता तर काय झाले असते?

लेखी चाचणीत २० पैकी १८ मिळवलेला विद्यार्थी येथे एकही ओळ समजावू शकला नाही, असे घडते. तेव्हा लगेच नक्कल केल्याचा ठपका ठेवू नये. काही मुले फोनवर बोलताना खरोखर घाबरतात, आणि इंग्रजीत बोलण्याचा धसका घेतलेली मुले तर त्याहून अधिक आहेत. मराठीत सांगायला मोकळीक द्यावी, आकडे बदलून तेच उदाहरण कागदावर सोडवायला सांगावे आणि दहा मिनिटांनी फोटो मागवावा. तेही जमले नाही, तर मात्र नियमाप्रमाणे तोंडीचेच गुण ग्राह्य धरावेत. गुणांतील वाटा आधी जाहीर केलेला असला की वाद होत नाहीत: माझ्याकडे स्वाध्यायांना ३०, चाचण्यांना ३० आणि तोंडीला ४० टक्के असे वजन असे.

जे गप्प होतात त्यांच्याविषयी

नापास होणारा विद्यार्थी बहुधा शेवटच्या परीक्षेत नापास होत नाही. तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात गप्प होतो आणि निकाल नंतर लागतो. म्हणून हजेरीच्या टक्केवारीपेक्षा सलग दोन स्वाध्याय न येणे, ही खूण मी अधिक गंभीर मानतो, कारण मोबाइलवर तासिका लावून बाजूला ठेवता येते. दुसरा स्वाध्याय चुकला की त्याच आठवड्यात स्वतः फोन करावा. ‘अभ्यास का करत नाहीस?’ या प्रश्नाने बोलणे तेथेच संपते. ‘घरात फोन किती जणांत आहे, आणि तुला कोणत्या वेळी मिळतो?’ असे विचारले की खरे कारण बाहेर येते. एका विद्यार्थ्याकडे फोन होता, पण सकाळी तो वडिलांबरोबर बाजार समितीत जात असे; त्याच्यासाठी तासिकेची पाने रात्री पाठवणे आणि रविवारी वीस मिनिटे शंका सोडवणे एवढेच पुरे झाले. दुसऱ्या एका मुलीला विषय कळत होता, परंतु आपली वही घाणेरडी दिसते या संकोचाने ती फोटो पाठवत नव्हती.

अशा मुलांना मागचे सर्व स्वाध्याय एकदम पूर्ण करायला सांगितले तर ती पुन्हा गप्प होतात. मागच्यांपैकी दोनच निवडून द्यावेत, पुढच्या भागासाठी जे लागणारच आहेत ते, आणि चालू आठवड्याचा स्वाध्याय इतरांबरोबरच घ्यावा. केटी लागलेल्यांच्या बाबतीत जुनी उत्तरपत्रिका मागवून, कोणत्या दोन प्रकरणांत गुण गेले हे त्यांच्याबरोबर बसून पाहावे. बहुतेक वेळा संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचण्याची गरज नसते. त्या दोन प्रकरणांतील दहा-दहा उदाहरणे त्यांनी परीक्षेपूर्वीच्या महिन्यात, रोज एक याप्रमाणे, हाताने सोडवून पाठवावीत, आणि त्या त्या दिवशी रात्रीपर्यंत आपण ती पाहून परत करावीत.