गणपतीत बग कमी का होतात? स्प्रिंटमध्ये रिलायबिलिटी मॉडेल लावताना या चुका टाळा

भाद्रपदात अर्धे टेस्टर कोकणात असतात. मग पवई-ऐरोलीच्या ऑफिसात बगचा आलेख आडवा पडतो आणि कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतंच, "आता सॉफ्टवेअर स्थिरावलं!" कसलं स्थिरावलं? कुणी चालवलंच नाही. रिलायबिलिटी मॉडेल म्हणजे बिघाडांच्या नोंदींवर वक्र बसवून अजून किती बग निघतील याचा अंदाज बांधणं; त्यात आडव्या अक्षावर तारखा मांडल्या की हे होणारच. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष किती वेळ चाललं ते मोजा, असं सॉफ्टवेअर रिलायबिलिटीचे अभ्यासक जॉन मुसा 1975 पासून सांगत होते. तेवढं जमत नसेल तर टेस्टिंगचे तास घ्या.

खरा घोटाळा मात्र पुढे आहे. सगळ्या स्प्रिंटचे (म्हणजे कामाच्या छोट्या, ठरावीक फेऱ्यांचे) बग एकाच वक्रात कोंबले जातात. जेलिन्स्की-मोरांडा (1972) मॉडेल धरून चालतं की सुरुवातीला बगांची संख्या ठरलेली आहे आणि प्रत्येक दुरुस्ती चोख होते. गोएल-ओकुमोटोमध्येही (1979) एकूण अपेक्षित बिघाडांना मर्यादा असते. इथे तर दर दोन आठवड्यांनी नवा कोड येतो, सोबत नवे बग आणतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: 'एकूण बग'चा अंदाज दर स्प्रिंटला वर सरकत राहतो, कधीकधी गणित जुळतच नाही.

उपाय असा. बग कधी सापडला याबरोबर तो कोणत्या स्प्रिंटच्या कोडमध्ये जन्मला हेही तिकिटावर नोंदवा. गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ते बहुतेकदा सापडतं. त्या-त्या कोडचं घड्याळ तो बिल्डमध्ये (चालवायला तयार केलेल्या आवृत्तीत) आल्यापासून सुरू करा, वेगळे वक्र बसवा आणि बेरीज करा. गोएल-ओकुमोटो बिघाडांना पॉयसाँ प्रक्रिया (यादृच्छिक घटना मोजायचं गणिती मॉडेल) मानतं, आणि स्वतंत्र पॉयसाँ प्रक्रियांची बेरीज पॉयसाँच असते, त्यामुळे हे नियमाला धरून आहे. एखाद्या स्प्रिंटचे चारच बग असतील तर त्यावर वेगळा वक्र बसवू नका. बग सापडण्याचा वेग सगळ्या स्प्रिंटना एकच धरा, एकूण संख्या बदललेल्या ओळींच्या प्रमाणात वाटा.

त्याआधी लाप्लास चाचणी (बिघाड खरंच विरळ होताहेत का हे तपासणारी) करा, एक्सेलमध्ये होते. बिघाडांच्या वेळांची सरासरी एकूण कालावधीच्या मध्याआधी पडली तर किंमत ऋण येते. ती -1.96 च्याही खाली गेली तरच सुधारणा खरी माना. शून्याच्या आसपास असेल तर विश्वासार्हता वाढतेय असं धरणारं मॉडेल लावूच नका.

आणि तास मोजायला लागलात की नवी पळवाट सापडते: रोज रात्री तेच रिग्रेशन टेस्ट (जुनं काही बिघडलं नाही ना हे पाहणारे) चालवायचे आणि ते तास जमेत धरायचे. काल पास झालेली टेस्ट आज पुन्हा पास झाली, यातून नवं काय कळलं? विरार फास्टमध्ये एका हाताने, तुटक नेटवर्कवर ॲप वापरणारा माणूस ज्या क्रमाने स्क्रीन उघडतो, त्या प्रमाणात टेस्ट निवडा. तास मग त्यांचेच मोजा.