गाडी रंगवताय? वरून लॅकर मारायचं की नाही, आणि मारताना या चुका टाळा

गाडीचा दरवाजा नाहीतर बंपर घरीच रंगवायला घेतला की रंग मारेपर्यंत सगळं जोशात चालतं, मग डोक्यात किडा वळवळायला लागतो की आता यावर लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर पण म्हणतात, ते मारायचं का नको. एक जण म्हणतो मारल्याशिवाय गाडी बाहेर काढूच नकोस, दुसरा म्हणतो काही गरज नाही, माझी बघ लॅकर न मारता कशी चकाकतेय. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त दोघांच्या गाडीवरचा रंग वेगवेगळ्या जातीचा असतो.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे आपला रंग कुठला ते न बघता लॅकरचा विचार करणं. डब्यावर बेस कोट लिहिलं असेल तर लॅकर पाहिजेच, त्यात चर्चा नाही. बेस कोट वाळला की खडूसारखा निस्तेज दिसतो, कारण त्याचं काम फक्त रंग दाखवणं, ऊन-पाऊस-पेट्रोल सोसायची ताकद वरच्या क्लिअरमध्ये असते. मेटॅलिक आणि पर्ल रंग जवळपास सगळे याच प्रकारात येतात. डब्यावर सिंगल स्टेज किंवा डायरेक्ट ग्लॉस असेल तर चमक त्या रंगातच असते, साधा पांढरा, लाल, काळा अशा सॉलिड रंगात हा प्रकार मिळतो आणि तो नुसता मारून मोकळं होता येतं.

गाडीवर आधीपासून काय आहे ते कळत नसेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाऊंड (रंग घासून चकाकवायची पेस्ट) घ्या आणि कुठल्यातरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज, नाही लागला आणि नुसता मळ निघाला तर वर क्लिअर आहे. दोन मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही, मी पण केलं नव्हतं.

माझी फजिती सांगतो. बंपरचा कोपरा खरवडला होता, घरात जो साधा इनॅमलचा स्प्रे कॅन होता तो मारला, तासाभरात हाताला सुका लागला म्हणून वरून कडक टू-के, म्हणजे हार्डनरवालं क्लिअर मारलं. मिनिटभर काचेसारखं दिसलं, मी लांब जाऊन बघून आलो, जवळ आलो तर कडेपासून रंग उचलायला लागला होता, दुधावरची साय गोळा होते तशा बारीक बारीक सुरकुत्या डोळ्यादेखत पसरत गेल्या. वरून सुकलेला इनॅमल आतून मऊच होता आणि क्लिअरमधल्या जोरदार थिनरने तो फुगवला. असं झालं की वरून आणखी कोट मारून काही सुधारत नाही, पूर्ण वाळू द्यायचं, सगळं घासून काढायचं आणि प्रायमरपासून, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापासून परत. म्हणून प्रायमर, बेस, क्लिअर एकाच सिस्टीमचे, म्हणजे एकमेकांवर मारायलाच बनवलेले घ्या, आणि शंका असेल तर आधी जुन्या पत्र्यावर मारून बघा.

वन-के की टू-के, यातही लोक गडबडतात. साधं वन-के लॅकर म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणारं, वापरायला सोपं पण त्यावर पेट्रोलचे थेंब पडले की ते मऊ होतं, चिकट होतं. टाकीच्या झाकणाभोवती वन-के मारलेलं असेल तर तिथे ओघळाचा डाग दिसणार हे धरून चाला. टू-केमध्ये हार्डनर असतो, रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं आणि टिकतं. कॅनमध्येही टू-के मिळतं, खालचं बटण दाबून आतला हार्डनर फोडायचा, नीट हलवायचा, आणि मग तो कॅन डब्यावर दिलेल्या मुदतीत संपवायचा, पुढच्या महिन्याला ठेवून उपयोग नाही. पण टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो आणि वासावरून धोका कळतही नाही. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून हे मारू नका. गाड्या रंगवायच्या बंद बूथमध्ये काम करणारे बाहेरून हवा देणारा मास्क लावतात, तेवढी सोय नसेल तर हा टप्पा सरळ पेंटरकडे द्या. यात कमीपणा काही नाही.

वेळ चुकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बेसचा शेवटचा कोट मारल्यावर तो सगळीकडे एकसारखा मॅट (बिनचमकीचा) होईपर्यंत थांबायचं, वीसेक डिग्रीला साधारण 15 ते 30 मिनिटं लागतात, गारवा असेल तर जास्त. ओल्या बेसवर घाई करून क्लिअर मारलं तर आत अडकलेलं थिनर नंतर बाहेर पडतं आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. उलट आज बेस आणि क्लिअर निवांत पुढच्या रविवारी असंही चालत नाही, बहुतेक बेसना साधारण 24 तासांच्या आत क्लिअर लागतं, ती मुदत गेली तर हलकं घासून बेसचा एक कोट परत मारायचा. नाहीतर काही महिन्यांनी क्लिअरचे पापुद्रे निघतात, तेव्हा मग लोक लॅकरच्या कंपनीला शिव्या घालतात.

मेटॅलिक बेसवर धुळीचा कण बसला म्हणून घासायचा पेपर मारला आणि थेट क्लिअर केलं, ही पण ठरलेली चूक. पेपरने आतले चमकते कण खरडले जातात, तो ठिपका क्लिअरखाली असा उठून दिसतो की विचारू नका. घासलंच तर बेसचा आणखी एक हलका हात मारायचा, मग क्लिअर. लॅकरखाली झाकून जाईल हा समज आधी काढून टाका, चमक आली की ओरखडे, पुटीची कड, बोटाचा ठसा, सगळं आधीपेक्षा जास्त दिसतं.

पॅनलच्या मधोमध मास्किंग टेप लावून तिथपर्यंतच क्लिअर मारणारेही बघितलेत. ती कड पुढे कायम दिसते आणि तिथूनच सुटायला लागते. रंगाचा पॅच छोटा असला तरी उरलेल्या पॅनलवरचं जुनं क्लिअर बारीक पेपरने मॅट करून नवं क्लिअर पॅनलच्या कडेपर्यंत न्या. जुनं क्लिअर आधीच सोलत असेल तर त्यावर नवं मारून काही होणार नाही, सुटलेलं सगळं काढून, कडा घासून, बेसपासूनच यावं लागतं.

आता मारून झालं आणि बिघडलंय, तर काय.

ओघळ आला की बोट लावू नका, फडकं तर अजिबात नाही. पूर्ण कडक होऊ द्या, मग लाकडी नाहीतर कडक रबरी ठोकळ्याला 1500चा वॉटर पेपर गुंडाळून फक्त ओघळ सपाट करा, नंतर 2000, 3000 आणि कंपाऊंड. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर तोच उपाय, फक्त कडांवर हात हलका, तिथे क्लिअर पातळ असतं आणि लगेच खालचा रंग लागतो. गोल गोल खड्डे पडले तर खाली सिलिकॉन किंवा तेल राहिलंय, डॅशबोर्डच्या पॉलिशचा नुसता फवारा जवळपास उडाला तरी पुरतो, अशा वेळी जाड कोट मारून खड्डे बुजवायला जाऊ नका, वाळवून घासा, तेलकटपणा काढणाऱ्या डीग्रीझरने पुसा आणि परत मारा. पांढुरकी दुधी झाक आली असेल तर हवेत दमटपणा जास्त होता. वन-के असेल तर कोरड्या दिवशी हलका कोट मारला की ती कधी कधी जाते, टू-केला बहुतेक वेळा घासूनच परत मारावं लागतं.

आणि वॅक्स. नवं क्लिअर हाताला कडक लागलं तरी आतून पुढचे काही आठवडे वाळतच असतं, साधारण महिनाभर वॅक्स लावू नका, ब्रशवाल्या कार वॉशला नेऊ नका. या दिवसांत पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र संध्याकाळची वाट बघत बसू नका, लगेच पाणी ओतून मऊ करा आणि न घासता उचलून घ्या, ताज्या क्लिअरवर ती तासाभरात आपला आकार कोरून जाते.