मॉडेलर, पेडल आणि खरा अ‍ॅम्प: कुठली वायर कुठे लावायची

मॉडेलर म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्पची आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, आणि त्यात साठवलेली आवाजाची सेटिंग म्हणजे पॅच. घरी हेडफोनवर झकास वाजणारा पॅच हॉलमधल्या अ‍ॅम्पला लावला की आवाज घुसमटतो. उलट अ‍ॅम्पवर मस्त वाजणारं डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं की पत्र्यावर करवत घासल्यासारखी किरकिर येते. गिटार वाजवणाऱ्यांच्या या दोन नेहमीच्या तक्रारी आणि दोन्हींचं मूळ एकच: सिग्नलच्या वाटेत स्पीकर दोनदा आला, नाहीतर आलाच नाही.

गिटार अ‍ॅम्पमध्ये तीन टप्पे असतात: प्रीअ‍ॅम्प (गेन आणि टोन घडवतो), पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो) आणि कॅबिनेटमधला (थोडक्यात ‘कॅब’) स्पीकर. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे वरचे कर्कश हार्मोनिक्स तोच गिळतो. पीएचा, म्हणजे हॉलमधल्या ध्वनिव्यवस्थेचा, स्पीकर मात्र १५ किलोहर्ट्झच्या पुढेही इमानदारीने वाजतो, म्हणून ती किरकिर पूर्ण ऐकू येते. मॉडेलर या तिन्ही टप्प्यांची नक्कल करतो. नियम एवढाच, की गिटारपासून कानापर्यंतच्या वाटेत प्रत्येक टप्पा एकदाच यायला हवा, खरा असो वा नक्कल. ‘मॉडेलर चांगला की अ‍ॅम्प’ या वादातल्या बऱ्याच तक्रारी हा नियम पाळला की उरतच नाहीत.

आउटपुट कुठे जातोय ते आधी ठरवा

मिक्सर, हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर किंवा फुल रेंज स्पीकरला जायचं असेल तर मॉडेलरमधला अ‍ॅम्प आणि कॅब दोन्ही चालू ठेवा. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला बहुतेक वेळा थेट मिक्सरलाच जातो, त्यामुळे त्याच्यासाठी हीच जोडणी. नुसती पेडलं असतील आणि मॉडेलर नसेल, तर शेवटी कॅब सिम्युलेशन, म्हणजे कॅबची नक्कल, असलेलं एक पेडल हवंच. यासाठी डिजिटलच हवं असं नाही; टेक २१चा सॅन्सअ‍ॅम्प १९८९ पासून हे काम अ‍ॅनालॉग सर्किटने करतोय.

अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जायचं असेल तर मॉडेलरमधला अ‍ॅम्प आणि कॅब दोन्ही बंद करा आणि तो फक्त इफेक्टसाठी वापरा. क्लबमधल्या अ‍ॅम्पला इफेक्ट लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मधली सेंड-रिटर्नची जागा) नाही आणि तुम्हाला तुमचाच अ‍ॅम्प मॉडेल हवा आहे, अशी वेळ आली तर कॅब बंद ठेवून क्लीन चॅनलवर जा. अ‍ॅम्प फेंडरसारखा असेल तर बेस २, ट्रेबल २ आणि मिड १० वर ठेवा. त्या टोन सर्किटचा स्वभावच मधले स्वर दाबायचा आहे आणि या सेटिंगला ते सगळ्यात सपाट वाजतं. मिडचं नॉब नसेल तर मॉडेलरच्या इक्वलायझरमध्ये ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा.

अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट लूपचा ‘रिटर्न’ असेल तर चांगलंच. तिथे लावलं की अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प बाजूला पडतो, त्याचे गेन आणि टोनचे नॉब काम करत नाहीत आणि फक्त पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर उरतात. मॉडेलरमध्ये कॅब बंद करा. अ‍ॅम्प ट्यूबचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) असेल तर पॉवर अ‍ॅम्पचं मॉडेलही बंद करा. ट्रान्झिस्टरचा असेल तर ते चालूच ठेवा, कारण ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प स्वतःचा रंग फारसा घालत नाही. पहिल्यांदा वायर लावताना मॉडेलरचा मास्टर शून्यावर ठेवा. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये मास्टर व्हॉल्यूम रिटर्नच्या आधी येतो, त्यामुळे तो कमी करूनही आवाज पूर्ण क्षमतेने अंगावर येऊ शकतो.

चार वायरची जोडणी

स्वतःचा चांगला अ‍ॅम्प आहे, त्याचाच प्रीअ‍ॅम्प आवडतो आणि डिले-रिव्हर्ब मात्र मॉडेलरचे हवेत, तर ही जोडणी करा. गिटार मॉडेलरच्या इनपुटला. मॉडेलरचा सेंड अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला. अ‍ॅम्पचा सेंड मॉडेलरच्या रिटर्नला. मॉडेलरचा मुख्य आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. मग मॉडेलरमध्ये लूपचा ब्लॉक मधोमध ठेवून वाह, कॉम्प्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह त्याच्या आधी, तर डिले आणि रिव्हर्ब नंतर घाला. डिले अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनच्या आधी आला की त्याचे प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळ्याचा लगदा होतो.

आता लेव्हल जुळवा. ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि मग ‘मॉडेलरने टोन खाल्ला’ म्हणतात. सगळे इफेक्ट बंद करा. गिटार थेट अ‍ॅम्पला लावून एक जोरकस कॉर्ड वाजवा, मग तीच कॉर्ड चार वायरमधून वाजवा. आवाजाची पातळी आणि डिस्टॉर्शन दोन्ही सारखे व्हायला हवेत. डिस्टॉर्शन कमी वाटत असेल तर सेंडची लेव्हल वाढवा. डिस्टॉर्शन तेवढंच पण आवाज कमी असेल तर मुख्य आउटपुट वाढवा. मॉडेलरमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट’ (गिटारइतका हलका सिग्नल) आणि ‘लाइन’ (त्याहून जोरदार) अशी निवड असते. सेंड कायम इन्स्ट्रुमेंटवर ठेवा. रिटर्न आणि मुख्य आउटपुट अ‍ॅम्पच्या लूपप्रमाणे. माहीत नसेल तर इन्स्ट्रुमेंटपासून सुरुवात करा.

या जोडणीत ५० हर्ट्झची घुमघुम जवळपास ठरलेलीच, कारण मॉडेलर आणि अ‍ॅम्प यांच्या ग्राउंडमध्ये वायरींमुळे एकाहून जास्त वाटा तयार होतात. अ‍ॅम्पचा सेंड ते मॉडेलरचा रिटर्न या वायरमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे नेतो पण ग्राउंड तोडतो) घाला. नाही गेली तर तोच काढून मॉडेलरचा सेंड ते अ‍ॅम्पच्या इनपुटच्या वायरमध्ये घालून बघा. प्लगची अर्थिंगची पिन कापून घुमघुम घालवणारे लोक आजही भेटतात. हे कधीही करू नका. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांमध्ये २३० व्होल्ट येतात, आणि समोरच्या माइकला ओठ लागला की तो प्रवाह तुमच्या शरीरातून जातो. मंडपात अर्थिंगचा भरवसा नसतो. वाजवण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवं. नसेल तर अर्थिंग नीट होईपर्यंत माइकजवळ जाऊ नका.

पेडलांचा क्रम, वायर आणि वीज

ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस-फेझर, डिले, रिव्हर्ब हा क्रम बहुतेक वेळा बरोबर चालतो. अपवाद जुन्या धाटणीच्या फझचा. फझ फेससारख्या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) खूप कमी असतो आणि ते थेट गिटारच्या पिकअपशी बोलतं. गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणला की फझ स्वच्छ होतो तो याच कारणाने. मध्ये बफर (सिग्नलला पुढच्या वायरीसाठी जोर देणारं छोटं सर्किट) असलेलं ट्यूनर आलं की हा गुण जातो आणि आवाज चिरका होतो. म्हणून असा फझ सगळ्यात पहिला ठेवा. मॉडेलरच्या आधी खरा फझ लावला तर तो ठीक चालतो, पण मॉडेलरच्या लूपमध्ये टाकला तर नाही.

बाकी पेडलांसाठी मात्र एक बफर असलेला बरा. साध्या गिटार वायरची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा. ४ हेन्रीचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि ६ मीटर वायर असेल तर पिकअपचा रेझोनन्स, म्हणजे तो सर्वात जोरात वाजतो ती जागा, ३.२ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ वायरीसारखा सोडणारी) असतील आणि बोर्डपासून अ‍ॅम्पपर्यंत अजून १० मीटर वायर असेल, तर तोच रेझोनन्स २ किलोहर्ट्झवर उतरतो आणि गिटारवर घोंगडी टाकल्यासारखं होतं. फझनंतर एक बफर आला की पुढच्या वायरचा हिशेब सुटतो.

विजेबाबतीत बेपर्वाई महाग पडते. आजची बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, अशी असतात. अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह ५ ते १० मिलिअँपिअर घेतं, तर डिजिटल डिले-रिव्हर्ब ३०० पर्यंत जाऊ शकतं. पेडलाखालचा आकडा वाचा, बेरीज करा आणि त्याच्या दीडपट क्षमतेचा सप्लाय घ्या. मिलिअँपिअर जास्त असल्याने काही बिघडत नाही. व्होल्ट जास्त किंवा पिन उलटी असली की पेडल जळतं. काही जुन्या पेडलांना ९ व्होल्ट एसी लागतो, त्यांचा अडॅप्टर वेगळाच ठेवा. एकाच अडॅप्टरवरून माळेसारखी वीज वाटली तर डिजिटल पेडलाची शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. पॉझिटिव्ह ग्राउंडचा जर्मेनियम फझ त्या माळेत लावला तर सरळ शॉर्ट होतो. प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड असलेला सप्लाय हा पेडलबोर्डवरचा सगळ्यात उपयोगी खर्च, पाचव्या ओव्हरड्राइव्हपेक्षा नक्कीच.

हाय गेनसाठी एक जुनी युक्ती मॉडेलरमध्येही तशीच चालते. ट्यूब स्क्रीमर घराण्याचं पेडल घ्या, ड्राइव्ह जवळपास शून्य, टोन मधोमध, लेव्हल तीन वाजण्याच्या जागी. हे सर्किट ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी गेन देतं. त्यामुळे अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये खालचा बेस कमी शिरतो आणि जाड तारेवरचं पाम म्यूटिंग (तळहाताने तारा दाबून वाजवणं) घट्ट होतं.

पॅच मोठ्या आवाजात बनवा

फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये आपण नकळत दोन्ही वाढवतो. स्टेजवर तोच पॅच खाली गडगडतो, वर टोचतो आणि मधले स्वर नसल्याने बँडमध्ये बुडून जातो. शक्य असेल तर ८५ डेसिबलच्या आसपास पॅच तपासा. अंदाजासाठी फोनवरचं अ‍ॅप पुरे. कॅबच्या ब्लॉकमध्ये लो कट ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट ६ ते ८ किलोहर्ट्झ द्या. गेन घरच्यापेक्षा एक-दोन घर कमी, रिव्हर्ब निम्मा. एकट्याने ऐकताना हा पॅच कोरडा वाटेल. ड्रम आणि बेस सुरू झाले की नीट बसतो.

इनपुट लेव्हल बघताना सगळ्यात जोरकस पिकअपवर जोरात वाजवा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. कॅबसाठी आयआर फाइल (खऱ्या कॅब आणि माइकच्या आवाजाचा डिजिटल ठसा) वापरत असाल तर एकावर थांबायला शिका. माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून दोन-तीन सेंटीमीटर सरकला तरी आवाज बदलतो, म्हणून एका पॅकमध्ये शेकडो फाइल असतात. बँडच्या रेकॉर्डिंगवर वाजवून तीन फाइल निवडा, बाकी काढून टाका. दोन आयआर एकत्र करताना आवाज पोकळ झाला तर त्यांची फेज जुळत नाही; एक काढा.

कॅप्चर आणि मॉडेल यांतला फरकही लक्षात ठेवा. कॅप्चर म्हणजे अ‍ॅम्पच्या नॉबच्या एका विशिष्ट स्थितीचा ठसा, आणि त्या स्थितीत तो अचूक असतो. गेन ३ वर घेतलेल्या कॅप्चरला ८ पर्यंत ओढलं तर येणारा आवाज त्या अ‍ॅम्पचा नसतो. त्यासाठी दुसरं कॅप्चर घ्या.

कंप्युटरवर वाजवत असाल तर ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (इथे पेडलचा नव्हे, कंप्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूने २.७ मिलिसेकंदांचा उशीर. जाऊन-येऊन आणि कन्व्हर्टर धरून ८ ते १० होतात. आवाज हवेत मिलिसेकंदाला ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हे अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहण्याइतकंच झालं. ब्लूटूथ हेडफोन मात्र यात सहसा १०० हून जास्त मिलिसेकंद घालतात. वायरचाच हेडफोन लागतो.

ट्यूब अ‍ॅम्प वापरणाऱ्यांसाठी

स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी त्याचा भार घेणारा डबा) जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. अ‍ॅम्पचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवा. १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८ होतात. हेड आणि कॅबिनेटमध्ये गिटारची वायर चालत नाही, जाड स्पीकर वायरच हवी. मागचं झाकण उघडू नका: आतल्या कपॅसिटरमध्ये अ‍ॅम्प बंद केल्यावरही ४०० व्होल्ट राहू शकतात. पॉवर ट्यूब बदलणं आणि बायस लावणं (ट्यूबमधला प्रवाह जुळवणं) तंत्रज्ञाकडे द्या.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. फेंडर डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा आहे. १०० वॉटचा अ‍ॅम्प त्यापेक्षा फक्त साडेसहा डेसिबल जास्त, म्हणजे कानाला दुप्पटही नाही. छोट्या क्लबमध्ये २२ वॉटसुद्धा ड्रमला भारी पडतो.

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय तो इथल्या प्लगला लावू नका. व्होल्टेज निवडायची सोय नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या: २२ वॉटच्या ट्यूब अ‍ॅम्पला ३०० व्हीए, १०० वॉटच्याला किमान ५००. तो अर्थिंग पुढे नेणारा आहे ना, हे दुकानातच मल्टीमीटरने तपासा. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये तिसरी पिन नुसती शोभेला असते.