खोल पाण्यातल्या जिगिंगसाठी दोरा बदलला

अंदमानला 100 मीटर खोलीवर जिगिंग करताना, म्हणजे जिग (धातूचं जड खोटं आमिष) झटके देत हलवून मासे पकडताना, तंगुसाचा (नायलॉनचा एकेरी) दोरा नुसता ताणला जायचा. वर रॉडला झटका दिला तरी खाली जिग जेमतेम हलायची, प्रवाहात दोऱ्याला मोठा बाक यायचा तो वेगळाच. म्हणून पीई 3 (हा जाडीचा क्रमांक) ची ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा, घेतली. ही जवळजवळ ताणतच नाही, शिवाय तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा कितीतरी बारीक. त्यामुळे प्रवाह तिला कमी ओढतो. आता 200 ग्रॅमची जिग तळाला टेकली की हाताला लगेच कळतं! दर 10 मीटरला रंग बदलणारीच लाइन घ्या, खोली मोजता येते. खडकाला घासली की मात्र ब्रेड पटकन तुटते, म्हणून पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर (घासणं जास्त सोसणारा टोकाचा तुकडा) जोडायचा, एफजी नावाच्या दोन दोरे जोडणाऱ्या गाठीने. रिळावर सर्वांत खाली थोडा तंगुसाचा दोरा गुंडाळा, नाहीतर अख्खी ब्रेड रिळावर घसरत फिरते.