कॅन्सरच्या उपचारांनंतरची मॅमोग्राफी : काय दिसतं, काय निसटतं

स्तन वाचवून शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, रेडिएशन संपल्यावर ६ ते १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करतात. फार लवकर केली तर सुजेमुळे चित्र नीट वाचता येत नाही. पूर्ण स्तन काढला असेल, तर त्या बाजूची नेहमीची मॅमोग्राफी लागत नाही. दुसऱ्या बाजूची मात्र दरवर्षी हवीच.

जाताना जुन्या फिल्म आणि सीडी न्या. ऑपरेशन परळच्या टाटामध्ये आणि तपासणी नाशिकला असेल, तर टाटामधली चित्रं आधीच मागवून ठेवा. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. कारण ऑपरेशनच्या जागेचा व्रण चित्रात कॅन्सरसारखाच पांढरा आणि ओढलेला दिसतो. व्रण काळानुसार आकसतो किंवा तसाच राहतो. दोन-तीन वर्षांत स्थिरावलेला भाग पुन्हा वाढू लागला, की बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचा, विचार होतो. हे एका चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. मेलेल्या चरबीभोवती अंड्याच्या कवचासारखं कॅल्शियम साचतं, ते निरुपद्रवी असतं. बारीक, वेड्यावाकड्या आकाराचे, एका जागी जमलेले ठिपके मात्र तपासावे लागतात.

त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, त्याचे कण असेच ठिपके दाखवतात. साडी किंवा कुर्ता-सलवार सोयीची. पाळी अजून येत असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा निवडा, यंत्राचा दाब कमी दुखतो.

घट्ट, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचं ऊतक जास्त असलेल्या, स्तनात गाठ आणि ऊतक दोन्ही पांढरी दिसतात, म्हणून गाठ लपते. तिथे सोनोग्राफी, काहींना एमआरआय जोडावी लागते. लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणारा कॅन्सरचा प्रकार पसरट वाढतो, तो हुकू शकतो. छातीच्या भिंतीलगतचा आणि काखेतला खोल भाग चित्रात पूर्ण येत नाही. हाडं, यकृत, फुप्फुसं यांत आजार गेला का, हे मॅमोग्राफी सांगूच शकत नाही. न थांबणारी हाडदुखी, धाप, कावीळ असेल तर पुढच्या वार्षिक तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

रिपोर्टमध्ये निष्कर्षाचा ठरावीक क्रमांक असतो, त्याला बाय-रॅड्स म्हणतात. बाय-रॅड्स ० म्हणजे तपासणी अपुरी; ३ म्हणजे साधारण सहा महिन्यांनी पुन्हा; ४ किंवा ५ म्हणजे बायोप्सी.

आणि रिपोर्ट चांगला असूनही व्रणाजवळ किंवा काखेत हाताला नवी गाठ लागली, त्वचा लाल झाली, बोंड आत ओढलं गेलं, तर रिपोर्टवर विसंबू नका. जागा बोटाने दाखवा, तिथलीच सोनोग्राफी करून घ्या, शंका उरली तर सुईने तुकडा काढून तपासायला सांगा.